पाच डबड्यांचा पाऊस

होम थिएटर घेऊन रामेश्वरला काय मिळणार होतं, ते एका ओळीत सांगता येतं: त्याचा साडू गप्प बसणार होता.

ज्यांना साडू नाही त्यांना हा लाभ किरकोळ वाटेल, म्हणून जरा फोड करून सांगतो. रामेश्वरच्या बायकोची, सुकेशनीची, थोरली बहीण शहरातल्या छावणी भागात दिली होती. तिचे यजमान अजिनाथराव यांचं तिथल्या बाजारात ताडपत्रीचं दुकान. सलग दोन वर्षं पाऊस नाही म्हटल्यावर ताडपत्रीच्या दुकानाची पायरी कोण चढतो? त्यामुळे अजिनाथरावांकडे बोलायला वेळ मुबलक होता. महिन्यातले दोन रविवार रामेश्वर पडेगावहून सहकुटुंब त्यांच्याकडे जेवायला जायचा. तिथं बेचाळीस इंची टीव्ही, टीव्हीच्या दोन्ही अंगांना कमरेएवढे दोन स्पीकर, समोर सोफा, सोफ्यावर अजिनाथराव. रामेश्वरला चपलांच्या रॅकशेजारचं स्टूल. रामेश्वर शेंद्र्याच्या एका कारखान्यात बोल्टांची मापं तपासायचा, आणि त्या कामात चारचौघांत सांगण्यासारखं पुष्कळ असतं असं त्याचं प्रामाणिक मत होतं. तो सुरुवात करायचा, "आमच्या शेंद्र्याला काय झालं माहितीय का..." की अजिनाथराव रिमोट उचलायचे. "ते राहू दे रामेश्वर. हे ऐक."

मग आवाज मोठा व्हायचा आणि रामेश्वर ऐकायचा. बारा वर्षं, महिन्याला दोनदा. ते वाक्य एकदाही तडीला गेलं नव्हतं.

ज्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीनं पाणी गेलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. पडेगावात तेव्हा नव्या वसाहती अशा उगवत होत्या की टपालवाला सकाळी एका गल्लीतून जायचा आणि परत येताना तिथं दुसरी गल्ली असायची. घरं वाढत होती, पाणी तेवढंच होतं, म्हणजे नव्हतं. टँकर पाचव्या दिवशी यायचा, कधी सहाव्या. रामेश्वरच्या ओळीत एकाला एक चिकटलेली सहा घरं, सगळ्यांची गच्ची सलग, मधे गुडघ्याएवढ्या भिंती. अशा दिवसांत माणसानं पाण्याची टाकी घ्यावी की होम थिएटर, हा प्रश्न सुकेशनीनं विचारला होता. रामेश्वर म्हणाला, "टाकीत घालायला पाणी कुठंय?" ती पुढचं बोलेपर्यंत तो जालना रोडला पोचला.

दुकानात एक काळोखी खोली होती, तिथं लाल सोफा. विकणाऱ्या माणसानं त्याला अदबीनं मधोमध बसवलं, दार लावलं आणि म्हणाला, "फक्त चार मिनिटं दहा सेकंद, साहेब."

आधी एक माशी आली. उजव्या कानाजवळून निघून डोक्यामागनं डाव्या कानाकडे गेली, तेव्हा रामेश्वरनं हातानं तिला हाकललं. माशी नव्हती. मग कुठल्या तरी परदेशी जंगलावर ढग भरून आले, लांबवर गुरगुरलं, आणि पहिला थेंब त्याच्या डाव्या खांद्यामागं पानावर पडला. टप. मग दुसरा. मग समोरून सरसरत एक सर आली, त्याच्या अंगावरून मागं गेली आणि मागं कोसळतच राहिली. रामेश्वरनं श्वास धरला होता. मधेच एकदा त्यानं, कुणी बघत नाही असं पाहून, शर्टाचा खांदा चाचपला. कोरडा होता. याचं त्याला वाईट का वाटावं, ते त्याला कळलं नाही.

"आत्तापर्यंत सगळ्यांनी शर्टाला हात लावलाय साहेब," विकणारा म्हणाला.

तिथल्या तिथं रामेश्वरनं घेऊन टाकलं. साडूसाठीच घेतोय असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि त्या दिवशी त्याचा त्यावर विश्वासही बसला. स्पीकरची पाच डबडी, एक ढोलासारखं मोठं धूड, आणि दुकानदारानं हौसेनं दिलेली ती पावसाची तबकडी.

सामान बसवायला घरी राहायचं तर रजा हवी. आता रजेची गंमत. कंपनीनं त्या वर्षी मोठ्या मनानं एक खास रजा काढली होती, घरच्या पाण्याच्या सोयीसाठी, वर्षातून एक दिवस भरपगारी. बाकी सगळ्या रजा रामेश्वरनं लग्नांमध्ये संपवल्या होत्या. रजेच्या खिडकीवर बसायचा रामकिसन, जो त्याच्याच ओळीत दुसऱ्या घरात राहत होता. त्यानं अर्ज हातात घेऊन विचारलं, "पाण्याचं काय काम काढलं?"

रामेश्वरला खोटं बोलता येत नसे. डोक्यात भिंतीला भोकं पाडायची हाच विषय होता, तर तोंडून निघून गेलं, "बोअर मारायचाय."

रामकिसन खुर्चीवरून उठला आणि त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून रामेश्वरचा हात दाबला. दुष्काळात असा हात फक्त बोअरवाल्याच्या वाट्याला येतो. "पाणी लागलं की फोटो जोडायचा बरं का अर्जाला," तो म्हणाला, पण हळू, ओशाळून, जसं एखाद्या मोठ्या माणसाकडे ओळखपत्र मागावं.

बुधवारी सकाळी जिलानीभाई आले. छावणीच्या बाजारात रेडिओपासून सगळं दुरुस्त करण्यात त्यांचे केस पिकले होते. त्यांनी टीव्ही दक्षिणेच्या भिंतीला टांगायचा ठरवला, त्याच भिंतीला पुढची तीन डबडी आणि समोरच्या उत्तरेच्या भिंतीला मागची दोन. मग भोकं पाडायचं यंत्र लावलं. बिल्डरनं त्या सबंध वसाहतीत एकच भिंत मजबूत बांधली होती आणि ती नेमकी हीच निघाली.

"क्या भाऊ, दीवार है के दौलताबाद का किल्ला?" जिलानीभाई ओरडले. घर हादरत होतं. दारातून पांढरा धुरळा रस्त्यावर जात होता.

अर्ध्या तासानं रामेश्वर हवा खायला दारात आला, तर समोर रांग. पहिला नंबर रामकिसनच्या बायकोचा, गीताबाईचा, दोन हंडे आणि एक कळशी. तिच्यामागं सबंध ओळ, आणि ओळीच्या मागं त्यानं कधीच न पाहिलेल्या बाया.

"लागलं का भाऊ?" गीताबाईनं विचारलं. आवाजात असा मान होता की रामेश्वर नकळत ताठ उभा राहिला.

"लागेल आता. दोन झाले, तीन राहिलेत."

"तीन? पाच बोअर?" रांगेत एक लाट गेली. "अन् किती फुटावर?"

"साडेपाच," रामेश्वर म्हणाला. भिंतीवर डबडं किती उंचीवर लावायचं ते त्याला पाठ होतं.

साडेपाच फुटांवर पाणी! मागची एक म्हातारी तिथंच हात जोडून उभी राहिली. गीताबाई मात्र व्यवहाराची बाई. तिनं हंडे खाली ठेवले, आत डोकावली आणि भिंतीशी भिडलेले जिलानीभाई बघितले. मग म्हणाली, "सुकेशनी, तुझा नवरा भिंतीत पाणी शोधायलाय व्हय गं?"

रांग मोडली, पण हंडे जमिनीवर आपटत मोडली. त्या दिवशी रामेश्वरनं शपथ घेतली की आपल्या घरात पुन्हा भोक म्हणून पाडायचं नाही.

ही शपथ त्याला चोवीस तासही सुखानं पाळता आली नाही, कारण गुरुवारी काकासाहेब आले. काकासाहेब ओळीतल्या तिसऱ्या घरातले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. एकतीस वर्षं त्यांनी पाऊस मोजला होता. निवृत्तीनंतर खात्यातलं टाकाऊ पर्जन्यमापक ते रीतसर पावती घेऊन घरी घेऊन आले, आणि रोज सकाळी साडेआठला गच्चीवर जाऊन, ते रिकामं आहे याची खात्री करून, एका वहीत 'निरंक' असं लिहीत. दोन वर्षांत एकाही दिवशी खाडा नाही. वसाहतीत त्यांचा शब्द खाली पडत नसे.

ते हॉलच्या मधोमध उभे राहिले, चष्मा वर केला आणि दुःखानं म्हणाले, "दक्षिण."

"काय झालं काका?"

"तू, तुझी बायको, तुझे पाहुणे, सगळे रोज यमाच्या दिशेला तोंड करून बसणार. बस बाबा. मी कोण सांगणारा?"

हे वाक्य म्हणून माणूस निघून गेला, की घरातल्यांची झोप जाते. सुकेशनीनं त्याच दिवशी टीव्ही उतरवायला लावला. उत्तरेच्या भिंतीपाशी कपाटावर टीव्ही आला, सोफा गर्रकन फिरला, आणि भिंतीवरची पाच डबडी मात्र होती तिथंच राहिली.

रविवारी जुळवणी करायला आलेले जिलानीभाई दारातच थबकले. "अरे भाऊ, ये तो उल्टा हो गया. आगे के डब्बे पीछू आ गए. फिर से सुराख मारना पड़ता."

"सुराख नाही," रामेश्वर म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढं हंडे आले. "आवाज गोल फिरतो ना सगळीकडून? मग कुठूनही सुरू झाला तर काय बिघडलं?"

जिलानीभाईंनी त्याच्याकडे, मग यंत्राकडे पाहिलं. "घर तुमारा, कान तुमारे," एवढं बोलून ते तारा जोडायला बसले.

दुपारी साडेचारला अजिनाथराव आले. रामेश्वरनं त्यांच्यासाठी चपलांच्या रॅकशेजारी स्टूल मांडून ठेवलं होतं. त्यांनी ते पाहिलंच नाही. सरळ सोफ्यावर बसले.

"किती वॅटचं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सांगितलं, "हजाराच्या खाली घेतलं असशील तर पैसे पाण्यात. पाणी नाही म्हणा सध्या. जिलानी, ते धूड पूर्ण उघड. आपल्याला छातीत दणका पाहिजे."

"साब, बाजूवाले..."

"बाजूवाल्यांना फुकट!"

खिडक्या लावल्या, पडदे ओढले. कोपऱ्यात, दाराशी, घोंगडीवर रामेश्वरचे वडील केरबा बसले होते. केरबांनी सारा जन्म मेंढरांमागं काढला. दोन वर्षांपूर्वी चारा संपला, मेंढरं विकली, आणि लेकानं त्यांना पडेगावला आणलं. तेव्हापासून ते दाराशीच बसत. बोलत फार नसत. बोलण्यासारखं शहरात काही दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

"आबा, म्होरं या की, सोफ्यावर," रामेश्वर म्हणाला.

"हितंच बरंय. तू लाव तुझं."

बाहेर काय होतं तेही इथंच सांगून ठेवतो, कारण आतल्यांना ते माहीत नव्हतं. त्या महिन्यात रोजच्यासारखं आभाळ भरून आलं होतं. रोज यायचं, चार वाजता काळं व्हायचं, सहाला निघून जायचं. आणि ओळीतल्या सहाही घरांच्या कुरडया त्या दिवशी गच्चीवर होत्या. कुरडया म्हणजे सोपं काम नाही. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्यातून पाडायच्या. पाच दिवसांच्या टँकरमधून हे तीन दिवसांचं पाणी बायांनी तांब्यातांब्यानं वाचवलं होतं. एकीनं दुसरीच्या, दुसरीनं तिसरीच्या पाडू लागायच्या, असं करत बावीस किलो गव्हाच्या कुरडया सकाळी जुन्या लुगड्यांवर पडल्या होत्या, आणि साडेचारला त्या अर्ध्या वाळल्या होत्या.

रामेश्वरनं तबकडी लावली. तो टीव्हीकडे बघत नव्हता, साडूच्या तोंडाकडे बघत होता.

माशी आली. अजिनाथरावांनी ती हाकलली. ढग आले, गुरगुरलं. अजिनाथराव काहीतरी बोलायला तोंड उघडत होते, तेवढ्यात त्या धुडातून मेघ असा कडाडला की कपाटातली भांडी एकमेकांना भेटली. तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. त्यातून शब्द आला नाही. रामेश्वरनं घड्याळ पाहिलं. एक मिनिट. दीड मिनिट. सर कोसळायला लागली. अजिनाथराव दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, बालवाडीतल्या पोरासारखे वर बघत होते. रामेश्वरच्या मनात आलं, आत्ता बोलावं, आत्ता ते शेंद्र्याचं सांगून टाकावं. त्यानं तोंड उघडलं. मेघ पुन्हा कडाडला.

कोपऱ्यातून केरबा म्हणाले, "ढग म्होरं दिसतोय, अन् गरजतंय पाठीत. आसं कसं रं?"

कुणी लक्ष दिलं नाही, कारण त्याच वेळी नवा चमत्कार झाला. आवाज वरूनही यायला लागला. धडधड, धडधड, या टोकापासून त्या टोकापर्यंत, स्लॅबवरून घोडी पळावीत तसा. रामेश्वरच्या अंगावर काटा आला. दुकानात हे नव्हतं!

"वा जिलानीभाई! वरून पण!"

जिलानीभाई मात्र कान टवकारून, भुवया आक्रसून छताकडे बघत होते. "भाऊ," ते हळूच म्हणाले, "ऊपर का तो डब्बाच नै है इसमें."

रामेश्वरनं बटण दाबलं. पाऊस थांबला. वरचा आवाज थांबला नाही. त्यात आता माणसं ऐकू येत होती.

झालं असं होतं. काकासाहेब दुपारचे लवंडले होते. पहिल्या कडाक्याला ते उठले, खिडकीतून काळं आभाळ पाहिलं, दुसऱ्या कडाक्याला पायांखालची फरशी हलली, आणि एकतीस वर्षांच्या सरकारी अधिकारवाणीनं ते गच्चीत ओरडले, "वळीव! वळवाचा पाऊस! वाळवणं उचला!" दुसरा कुणी ओरडला असता तर बायांनी आधी हात बाहेर काढून बघितलं असतं. काकासाहेब ओरडल्यावर बघायचं काय? सहा घरांतल्या बाया जिन्यांवरून एकदम वर गेल्या, लुगड्यांची चारी टोकं धरली, गाठोडी बांधली, आणि बांधता बांधता घाईत काहींवरून चालल्याही. काकासाहेब स्वतः पर्जन्यमापकाचं झाकण काढून, त्यावर छत्रीसारखे वाकून उभे होते.

एक थेंब पडला नाही. धूळ उडाली, आभाळ सरकलं, आणि पलीकडे सूर्य होता तिथंच होता.

रामेश्वरचं दार वाजलं नाही, सरळ उघडलं. गीताबाई आत आली, तिच्यामागं ओळीतल्या सगळ्या, प्रत्येकीच्या कडेवर गाठोडं, तान्हं धरावं तसं. गीताबाईनं आपलं गाठोडं सोडलं. आत पांढरा चिकट गोळा होता, त्याला लुगड्याची किनार चिकटलेली.

"हा बघा भाऊ तुमचा पाऊस," ती म्हणाली. "ह्याला शिजवताबी येत नाय अन् वाळवताबी येत नाय. आधी भिंतीत पाणी, मग घरात पाऊस. आता काय राहिलंय तुमचं?"

सुकेशनीनं आपलं गाठोडं नवऱ्याच्या पायाशी ठेवलं. तिच्याही कुरडया वरच होत्या, आणि काकासाहेबांच्या हाकेवर तीही स्वयंपाकघरातून पळाली होती.

या क्षणी अजिनाथरावांना वाचा परत आली, आणि परत आली ती धंद्यासकट. ते उठले, गाठोड्यातला गोळा बोटानं दाबून पाहिला आणि हळहळले. "ताई, कसंय, वर ताडपत्री असती ना, तर उचलायचं कामच नव्हतं. ओढली, चार दगड ठेवले, झालं. गच्ची किती बाय किती आहे तुमची?" आणि कुणी काही म्हणायच्या आत ते जिन्यानं वर जाऊन पावलांनी गच्ची मोजू लागले. दोन वर्षांतलं पहिलं गिऱ्हाईक, तेही एकदम सहा, आणि मिळालं कुणाच्या घरी!

खाली हॉलमध्ये रामेश्वर उभा होता. ज्या माणसाला गप्प करायला एवढा खटाटोप केला, त्याचा आवाज स्लॅबमधून ऐकू येत होता: "...वीस बाय बाराची बसेल बघा..." बारा वर्षांत तो स्टुलावर एवढा लहान कधी झाला नव्हता जेवढा तो स्वतःच्या घरात झाला.

"म्या तवाच म्हणलं," कोपऱ्यातून आवाज आला.

सगळे वळले. केरबा घोंगडीवर तसेच बसलेले. हलले नव्हते.

"तुम्ही नाय पळाले आबा?" गीताबाईनं विचारलं.

"कशापायी पळू? मातीचा वास न्हाई, अन् पाऊस पाठीतून यायला. पाऊस माघारी येत नसतुया, पोरी. त्यो म्होरून येतो, आपल्याला बघून येतो." ते थांबले, आणि मग जरा लाजत म्हणाले, "पर आवाज बराबर हाय. पानावरचा आन् दगडावरचा येगळा येगळा हाय. लेका, पुन्हा लाव की जरा. बारीक लाव."

"आबा, ती डबडी उलटी झालीत. भिंतीत पुन्हा भोकं..."

"डबडी ऱ्हाऊ दे. आपुन तोंड फिरवू. चित्र कुणाला बघायचंय?"

जिलानीभाईंनी कपाळाला हात लावला. "या अल्ला, इतना सादा!" त्यांनी स्वतः सोफा फिरवला. दक्षिणेकडे. टीव्हीकडे पाठ. आवाज बारीक केला आणि तबकडी लावली.

बाया निघाल्याच होत्या. गाठोडी पुन्हा कडेवर घेतली होती. माशी आली, कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. मग लांब, समोर, त्या कोऱ्या भिंतीपलीकडे कुठंतरी, मघासारखं छाताडात नव्हे, दोन गावांवर गरजावं तसं गरजलं. टप. गीताबाई दाराच्या चौकटीत थांबली. टप, टप. समोरून सर निघाली. येताना ऐकू येत होती, माळावरून येते तशी, आधी नुसती सळसळ, मग जवळ, मग अंगावरून पार मागं, आणि मग सगळीकडे. पत्र्यावर, पानावर, साचलेल्या पाण्यात.

कुणी म्हणालं नाही, पण एकेक करून सगळ्या खाली बसल्या. गाठोडी मांडीवर. गीताबाईनं डोळे मिटले होते. काकासाहेब, जे आपली बाजू मांडायला आले होते, ते दाराजवळ दक्षिणेला तोंड करून उभे राहिले आणि यमाचं नावही काढलं नाही. अजिनाथराव जिन्यावरून उतरत "आणि दोऱ्या वेगळ्या..." एवढं बोलून शेवटच्या पायरीवर होते तिथंच थांबले, आणि मग हळूच, आवाज न करता, चपलांच्या रॅकशेजारच्या स्टुलावर टेकले.

केरबांनी अंगाखालची घोंगडी ओढून काढली. ती मधोमध दुमडली, एक कोपरा आत घातला आणि खोळ करून डोक्यावर घेतली, जशी उभ्या माळावर मेंढरांत बसताना घेतात. स्लॅबच्या घरात, कोऱ्या भिंतीपुढं, दोन गुडघे पोटाशी धरून म्हातारा पावसात बसला. कुणी हसलं नाही.

चार मिनिटं दहा सेकंद. मग संपलं. केरबा उठले, दाराबाहेर गेले, आणि घोंगडी तीनदा झटकली. कोरडी ठणठणीत घोंगडी. पाणी घरात यायला नको म्हणून.

"बाई," गीताबाई नाक पुसत म्हणाली, "कुरडया तर गेल्याच. पर उद्या याच वक्ताला लावा, आबा."

तेव्हापासून पडेगावच्या त्या ओळीत पाच वाजता पाऊस लागतो. बाया निवडण-टिपण घेऊन येतात, सोफा दक्षिणेकडे, टीव्हीकडे सगळ्यांच्या पाठी. टीव्हीवर धूळ बसली आहे.

आणि अजिनाथराव? त्यांनी छावणीचे रविवार बंद केले. आता तेच इकडे येतात आणि आल्या आल्या स्टुलावर बसतात. पुढच्याच रविवारी, पाऊस लागायच्या आधी, त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "हं रामेश्वर. ते तुझं शेंद्र्याचं राहिलं बघ. काय झालं होतं?"

बारा वर्षांत पहिल्यांदा. रामेश्वर खाकरला. सुकेशनीनं हातातलं सूप थांबवलं. "त्याचं असं झालं, आमच्या शेंद्र्याला..." त्यानं सुरुवात केली, आणि समोरच्या भिंतीपलीकडे गरजलं.

"गप रं," खोळीतून केरबा म्हणाले. "पाऊस आला."

तेव्हा कुणी काय भरलं, ते ऐका. ओळीतल्या कुरडयांचा बावीस किलो गहू सुकेशनीनं आपल्या डब्यातून दिला. पाणी तिच्याकडे तेवढं नव्हतंच, तर ज्यांच्या कुरडया गेल्या त्याच बायांनी घरटी एकेक हंडा आणून ओतला, आणि सोऱ्या फिरवायलाही त्याच बसल्या. रामकिसननं अर्जाला फोटो नाही म्हणून रामेश्वरचा एक दिवस कापला. त्याच्याही घरच्या कुरडया गेल्या होत्या, त्यामुळे ओळख उपयोगी पडली नाही. काकासाहेबांनी त्या तारखेला वहीत 'निरंक' लिहिलं आणि शेऱ्यात बारीक अक्षरात 'आवाज आला', आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत लावला नव्हता तो बट्टा सहीनिशी लावून घेतला. अजिनाथरावांच्या सहा ताडपत्र्या गेल्या, त्यांचे पैसे आले. सातवी त्यांनी केरबांना देऊ केली होती. केरबा म्हणाले, "मला काय करायची? माझी घोंगडी हाय." आणि बारा वर्षं जपून ठेवलेलं ते वाक्य, ते गेलं रामेश्वरचं.